तुझ्यावाचून न अडलेली बॅच

सुहास, तुला पोचवून आम्ही पेणहून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बॅच लागली होती. ती आधीच ठरलेली होती. तू गेलास म्हणून वेळापत्रक हललं असतं तर पहिला तूच ओरडला असतास. मी पहिल्या पाळीला गेलो, कपडे बदलले, डोक्याला टोपी घातली आणि रिअ‍ॅक्टरच्या काचेसमोर उभा राहिलो. आत आपलं औषध विरघळून पडलं होतं, विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. ते हळूहळू गार होणार, मग एका घडीला धूसर होणार आणि त्याचे पांढरे कण तळाला बसू लागणार, हे मी इतकी वर्षं बघत आलोय. त्या दिवशी मात्र तसं होऊ नये असं मला वाटत होतं. दिवसभर नितळच राहावं, एक कण पडू नये, मग मी सवयीने तुझा नंबर लावावा आणि सगळ्या कारखान्याला कळावं की सुहासवाचून अडलं.

प्रॉडक्शनचा माणूस मी, बॅच बिघडावी म्हणून दुवा मागत उभा होतो. तुला हसू आलं असतं.

स्मशानात तुझ्या गल्लीतले एक काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कोणावाचून कोणाचं अडत नाय, बाबा." सांत्वनाला म्हणतात तसंच म्हणाले, त्यांचं काही चुकलं नाही. पण ते ऐकून मी दचकलोच. कारण लोक जे दुसऱ्याच्या मरणात म्हणून मोकळे होतात, ते तू आयुष्यभर पगार घेऊन करत होतास. आपल्यावाचून अडू नये याची तजवीज.

तुझं काम काय, हे मला माझ्या घरच्यांनाही नीट सांगता आलेलं नाही. माझी अम्मी विचारायची, तुझा तो पेणचा दोस्त औषधं शोधतो का? मी सांगायचो, शोधणारे वेगळे असतात, त्यांचं औषध चिमूटभर असतं. हा ते चिमूटभर औषध पिंपंच्या पिंपं बनवायची रीत बसवतो, कोणी भाजू नये, कोणाच्या डोळ्यांत जाऊ नये, आणि दर वेळी तसंच्या तसं व्हावं अशी. अम्मीला पटायचं नाही. तिला वाटायचं मी तुला कमी लेखतोय. फिट येणाऱ्या माणसाने रोज न चुकता घ्यायची ती गोळी. तिच्यातला आजचा कण आणि परवाचा कण यांत फरक पडला तर कोणीतरी रस्त्यात कोसळेल, एवढं सांगितल्यावर मात्र ती गप्प झाली, आणि त्यानंतर तू घरी आलास की तुझ्या ताटात मासळीचा मोठा तुकडा पडू लागला.

हल्ली मला दिवस सलग आठवत नाहीत. नुसती उन्हं आठवतात. पायलट प्लांटच्या पत्र्याच्या भोकातून येणारी तिरपी उन्हं, त्यात तरंगणारी पांढरी धूळ, आणि त्या धुळीतून चालत येणारा तू. लॅबमधून तडक आलेला, अंगात तोच कायमचा अ‍ॅप्रन, कोपरापाशी पिवळा पडलेला. तू यायचास, रिअ‍ॅक्टरच्या वरच्या तोंडावर, मॅनहोलवर, वाकून आत बघायचास, "हं" म्हणायचास. आणि थोड्या वेळात आत ढग उठायचा.

तुझ्यामाझ्या भांडणाची सुरुवात तिथली. लॅबमध्ये तुझ्या फ्लास्कात सुरेख पडणारे स्फटिक आमच्याकडे पडायचेच नाहीत. आम्ही गार करायचो, ढवळायचो, थांबायचो. आत नितळ ते नितळ, नाहीतर तळाला चिकट तेल. तू आलास की पडायचे. एकदा झालं, दोनदा झालं, मग आमच्या निडीच्या ऑपरेटरने, जनार्दनने, निकालच देऊन टाकला, "सायबांचा हातगुण हाय. ते आल्याबिगर पडायचा नाय." ऑपरेटर लोक तू यायची वाट बघू लागले. तुझी गाडी उशिरा आली तर बॅचला उशीर. तू रजेवर गेलास तर बॅच पुढे ढकला. मलाही ते सोयीचं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. हुशार माणूस येतो, वाकतो, आणि न होणारं होतं. असं काहीतरी जगात असावं असं मला वाटायचं.

तुला मात्र त्या शब्दाचा राग यायचा. इतका, की मला वाटायचं जनार्दनने तुला शिवी दिली. "हातगुण बितगुण काय नसतं, यासीन," तू म्हणायचास. "लिवायचं राहिलेलं असतं."

मग तू तो खेळ मांडलास. विकायची नव्हे, चाचणीची बॅच होती. तू सकाळी डोक्यावरून अंघोळ केलीस, माझा धुतलेला बॉयलर सूट अंगात घातलास, त्यात तुझ्यासारखे दोघे मावले असते, आणि बाह्या दुमडत मॅनहोलपाशी येऊन उभा राहिलास. वाकलास, "हं" म्हणालास. काही झालं नाही. जेवणाची वेळ टळली, तू हललाच नाहीस, आम्हीही हललो नाही. आत नितळ. जनार्दनचा चेहरा उतरला, जसा काही देवाने कौलच दिला नाही. मग तू लॅबमधून तुझा तो अ‍ॅप्रन मागवलास, मॅनहोलवर धरलास आणि हलकेच झटकलास. डोळ्याला दिसेल असं काही पडलं नाही. पण बघता बघता आत धूसर झालं, मग दूध, मग ते पांढरं पांढरं भुरभुरणं काचेमागे सुरू झालं, आणि आपण सगळे तिथे तोंडं उघडी टाकून उभे. तुझ्या लॅबमधल्या जुन्या स्फटिकांचे कण त्या कापडात बसले होते. तेवढं विरजण पुरत होतं. जनार्दन हळूच म्हणाला, "म्हंजे सायबांचा नाय, डगल्याचा गुण हाय." आम्ही सगळे हसलो. तू हसला नाहीस. तू अ‍ॅप्रन घडी करून पिशवीत घातलास आणि पुढचे कित्येक महिने त्यापायी स्वतःला आणि मला पिळून काढलंस.

किती कण टाकायचे, किती बारीक, कोणत्या तापमानाला, त्याआधी किती सावकाश गार करायचं, ढवळणारं पातं किती वेगाने फिरवायचं. फ्लास्क घटकेत गार होतो, आमचा रिअ‍ॅक्टर अर्धा दिवस घेतो. मधल्या त्या वेळात काय घडतं हे बघायला तू माझ्या शेजारी स्टुलावर बसून राहायचास. बोलायचास कमी. मी एकटाच बोलायचो. रमजान असला तर तू डबा उघडायचा नाहीस, आणि विचारलं की म्हणायचास, "ॲसिडिटी झालीय." दर रमजानला तुला महिनाभर ॲसिडिटी व्हायची. मी कधी तुला पकडलं नाही. तेवढं एक खोटं मला तुझं राहू द्यायचं होतं.

तुला तो शब्द एवढा का झोंबतो, हे तू मला गाडीत सांगितलंस. आपण पेणहून रोह्याला कारखान्यात येत होतो, दुपारची गाडी, निडीला समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबलेली. बाहेर भात कापून झालेलं रान, त्यात बगळे, आणि डब्यात आपण दोघं आणि झोपलेली एक कोळीण. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता होते ना, तिच्यात तू बोलू लागलास. तुझ्या वडिलांचा पेणला गणपतीचा कारखाना होता. माती मळायला माणसं होती, साचे भरायला, रंगाचे हात द्यायला होती, पण डोळ्यांची आखणी वडील करायचे. ब्रश उचलायचे, श्वास धरायचे, आणि मूर्ती बघायला लागायची. लांबून गिऱ्हाईक यायचं ते त्या डोळ्यांसाठी. त्यांनी ते कोणाला शिकवलं नाही. "हे शिकवून येत नाय," म्हणायचे. मग एका श्रावणात त्यांचा उजवा हात थरथरू लागला.

"ऐन हंगामात," तू म्हणालास. "घरभर गणपती. रंगवून झालेले, पिवळी पितांबरं, सगळं तयार. आणि एकालाही डोळे नाय. मी त्यांच्यात बसून अभ्यास करायचो, यासीन. बघावं तिकडं नुसते कोरे चेहरे."

गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, ते परत आलं नाही. कारखाना बंद झाला. वडील पुढे पुष्कळ वर्षं जगले, ओटीवर बसून हाताकडे बघत. तू म्हणालास, "लोक म्हणायचे काय हातगुण होता. मी म्हणतो, होता तर मागं का नाय राहिला?" समोरची गाडी आली, गेली, आपली हलली.

पण म्हणून मी वाद सोडला असं नाही. तूही सोडला नाहीस. कोलाडला टपरीवर चहा पिताना, मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, तुझं माझं तेच. मी म्हणायचो, कागदावर सगळं आलं तरी एक गोष्ट उरते. बॅच तयार झाली हे आतून कळतं. तू म्हणायचास, जे तुला कळतं ते थर्मामीटरला कळलं पाहिजे, नाहीतर तुला कळलेलंच नाही. मी म्हणायचो, तू रुक्ष आहेस. तू म्हणायचास, तू आळशी आहेस. दोघांचंही खरं होतं.

एकदा फक्त तू घसरलास. मला आखातातून बोलावणं आलं होतं. माझे दोघे भाऊ तिकडेच, घरच्यांनी बॅग भरायला घेतली होती, आणि आपल्या कंपनीतले सगळे मला सल्ले देत होते. तू एक शब्द बोलला नाहीस. शेवटी जायच्या आधी मीच तुझ्या लॅबमध्ये आलो आणि विचारलं, तुला काय वाटतं? तू काच धूत होतास. पाठमोराच म्हणालास, "तुझ्या शिफ्टला बॅच चांगली येते." बस्. मी गेलो नाही. बायकोला भलती कारणं दिली, पण राहिलो त्या वाक्यावर. पुढे कधीही भांडणात मी ते काढलं, की बघ, तूच कबूल केलंस, हा हातगुण नाही तर काय, की तू म्हणायचास, "तू कागद वाचून करतोस. बाकीचे न वाचता करतात. एवढाच अर्थ होता." एवढाच नव्हता. तुझी पाठ मला अजून दिसते आहे. मी राहिलो याचा तुला आनंद झाला होता, आणि तो मला कळला होता, हे आपण एकमेकांना सांगितलं नाही. आज सांगतोय. तुझ्यामुळे माझा जन्म रोह्यात गेला, आणि तो चांगला गेला.

आपलं शेवटचं भांडणही यावरच. तुझी निवृत्ती जवळ आली होती, आणि तुला कृतीपत्रकातली एक ओळ खोडायची होती. स्फटिक वेळेत दिसले नाहीत तर संशोधन विभागास कळवावे, ही. संशोधन विभाग म्हणजे तू, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओळ काढायला माझी सही हवी होती आणि मी ती देत नव्हतो. तू म्हणालास, कितीतरी दिवसांत तुला कोणी बोलावलेलं नाही, मग ती ओळ हवी कशाला? मी म्हणालो, बोलावलं नाही म्हणून काय झालं, बोलावता येतं हे महत्त्वाचं. तू चिडलास. "मी काय कायमचा उभा राहणाराय काय तुझ्या काचेसमोर?" मी फोनवर म्हटलं, उद्या बोलू. त्या रात्रीच तू गेलास, आणि माझ्या टेबलावर तुझा कागद तसाच पडून राहिला.

म्हणून त्या सकाळी मी काचेसमोर उभा होतो. सहीचा फैसला व्हायचा होता. जनार्दन आता रिटायरमेंटला आलाय, त्याचेही डोळे लाल. त्याने कागदात लिहिलं होतं तेवढं विरजण मोजून आणलं, लिहिलं होतं त्या तापमानाला टाकलं, आणि आम्ही थांबलो. तापमान उतरत होतं. शेडमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा, आणि त्या आवाजात मला गुंगी आल्यासारखं झालं. वाटलं तू शेजारच्या स्टुलावर आहेस. वळून बघितलं तर नाहीस हे कळणार, म्हणून मी वळलो नाही. काचेतच बघत राहिलो. काचेत माझा चेहरा, आणि चेहऱ्याच्या आत ते पाणी.

मग ढग आला. आधी दिव्याच्या उजेडात एक धुरकट पट्टा, मग ती पांढरी भुरभुर, वेळेवर, लिहिल्याप्रमाणे, कोणाचीही वाट न बघता. जनार्दन म्हणाला, "पडला, सायेब." मला त्या क्षणी तुझा संताप आला. इतकं कशाला चोख करावं माणसाने? एक तरी फट ठेवायची, जिच्यातून आम्ही तुला हाक मारली असती. आणि लगेच, त्या संतापाच्या पोटातून, डोळे भरून आले, कारण ते पडणं फार सुंदर होतं रे. कोऱ्या चेहऱ्यांमध्ये बसलेल्या मुलाने ठरवलं होतं की आपल्यामागे असं होऊ द्यायचं नाही, आणि नाही होऊ दिलं. कुठल्या तरी गावात कोणीतरी ती गोळी घेईल, त्याला फिट येणार नाही, आणि तू होतास हेही त्याला कळणार नाही. तुला हेच हवं होतं. वर जाऊन मी त्या कागदावर सही केली. ओळ गेली. तू जिंकलास.

हे सांगायला मी परवा तुझ्या घरी गेलो. म्हटलं, वहिनींना बरं वाटेल. डोलवीच्या कारखान्यात तुझा मुलगा शिफ्टला गेला होता, वहिनी एकट्याच होत्या, मागच्या दारी. मी तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. नितळ पाणी, ढग, सही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कंपनीचं सगळं लिवून ठेवलं ह्यांनी. घरातलं काय नाय सांगितलं."

त्यांनी भिंतीलगतच्या मोटरीकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, "ही पाण्याची मोटर. हे बटण दाबायचे नि मग कुठंतरी थाप मारायचे, ती लागायची. कुठं मारायचे ते मी कधी बघितलं नाय. हे होते ना." तू गेल्यापासून शेजाऱ्यांच्या विहिरीवरून पाणी येत होतं. मुलाने पण हात टेकले होते, म्हणाल्या.

मी उठलो. एवढी वर्षं पंप आणि मोटरींतच गेलीत माझी. बटण दाबलं, मोटर नुसती घुमली, फिरेना. घरातला स्क्रूड्रायव्हर घेऊन झाकण काढून बघितलं आणि मला हसू आवरेना, सुहास. मोटरीला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर गेला होता. कधीचा मरायला टेकलेला असणार, आणि तू रोज सकाळी एक थाप मारून त्याला ढकलत होतास. तू. आम्हाला शिकवणारा तू. मी वहिनींना म्हणालो, "काही नाही हो, कपॅसिटर आहे. बाजारातून घेऊन येतो, अर्ध्या तासात चालू करून देतो. मग कोणीही बटण दाबलं तरी लागेल."

वहिनी मोटरीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि होतं तसं परत बसवलं.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "एवढं तरी ह्यांच्यावाचून अडू दे."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. दाराशी दोन बादल्या होत्या, त्या उचलल्या आणि शेजारच्या विहिरीवर गेलो.